तासभर पुढचा थांबा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं, तर मी आईवडिलांची मनातल्या मनात क्षमा मागतो आणि टाइमकीपरांचं नाव घेतो. नाव म्हणजे एवढंच. त्यांचं खरं नाव गावात कुणालाच सांगता आलं नसतं. ते साताऱ्याकडचे होते, एकटे होते आणि बारा महिने पायांना फौजी पट्ट्या गुंडाळत होते, इतकीच आम्हाला माहिती. त्यांनीही आमची नावं कधी घेतली नाहीत. ते आम्हाला नंबराने ओळखत. माझा नंबर सातशे चौदा.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी चढलो आणि बी.ए. होऊन उतरलो. त्यात कष्ट वडिलांचे, भाकरी आईची, थोडंफार डोकं माझं. पण वेळ टाइमकीपरांची. आणि ती वेळ, आता सांगायला हरकत नाही, साफ चुकीची होती.

चिंचवड आणि देहूरोड यांच्या मधे, आमच्या गावाच्या माळाला लागून, रेल्वेचा एक थांबा होता. स्टेशन म्हणावं असं त्यात काही नव्हतं. मुरुमाचा लांबलचक फलाट, पत्र्याची एक शेड आणि शेडला चिकटलेली एक खोली. लढाईच्या काळात माळावर एक कारखाना उभा राहिला. तिथे फौजेसाठी तंबू शिवत आणि लाकडी पेट्या ठोकत. कामगार गाडीने येत, म्हणून गाडी तिथे थांबू लागली. उतरलेला माणूस शेडच्या खिडकीशी यायचा. आत एक मोठी फळी, फळीला खिळे आणि प्रत्येक खिळ्याला नंबर कोरलेला पितळी बिल्ला. माणसाने आपला बिल्ला उचलायचा, कामावर जायचं आणि सुटी झाली की बिल्ला परत खिळ्याला टांगायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस कामावर. खिळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस घरी. या खिडकीमागे टाइमकीपर बसत. भोंगा वाजला की खिडकी धाडकन खाली.

"साहेब, अर्धं मिनिट हो!" बाहेरून कुणी ओरडायचं.

"अर्ध्या मिनिटात लढाया हरतात," आतून उत्तर यायचं.

लढाई हरली नाही. संपली. कारखाना बंद झाला, यंत्रं लॉऱ्यांवर चढून गेली आणि गाड्या थांबेनाशा झाल्या. शेवटच्या दिवशी गोरा साहेब जीपमधून आला आणि म्हणाला, हे सगळं बंद करा. टाइमकीपर म्हणाले, "लेखी द्या." साहेब हसला आणि आधी जीपमध्ये आणि पुढे बोटीत बसून निघून गेला. लेखी काही आलं नाही. टाइमकीपर थांब्यावरच राहिले. फळीवरचे बिल्ले ते दर रविवारी चिंचेने घासत. थांब्याच्या नावाच्या पाटीवर त्यांनी दुधी भोपळ्याचा वेल चढवला होता, पण नाव झाकलं जाऊ नये म्हणून पानं रोज कातरत.

आता घड्याळाबद्दल. लढाईत सरकारने साऱ्या देशाची घड्याळं एक तास पुढे करायला लावली होती. लढाई संपल्यावर देशाने ती पुन्हा मागे घेतली. टाइमकीपरांनी घेतली नाहीत. घड्याळ पुढे करण्याचा हुकूम त्यांना लेखी मिळाला होता. मागे घेण्याचा मिळाला नव्हता. त्यामुळे मी कॉलेजात गेलो तेव्हा, स्वराज्य येऊन चांगलं रुळलं होतं तरी, आमच्या थांब्यावर लढाईची वेळ चालू होती.

आणि हा गृहस्थ पोटासाठी काय करत होता, तर घड्याळं दुरुस्त करत होता. त्यांचा हात असा की त्यांनी दुरुस्त केलेलं घड्याळ वर्षभरात मिनिटालाही चुकत नसे. फक्त तासाने चुके, कारण परत देताना ते थांब्याच्या वेळेला लावून देत. देहूरोडच्या एका कापडवाल्याने भिंतीवरचं घड्याळ त्यांच्याकडून नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसला. तासभर रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकेना. गावाने आपल्याला वाळीत टाकलं अशी त्याची समजूत झाली आणि शेजारचा दुकानदार डोळे चोळत आला तेव्हा हा त्याच्या गळ्यात पडून विचारू लागला, "माझं चुकलं तरी काय, राव?"

सकाळी पुण्याकडे जाणारी विजेची गाडी थांब्यावरून धडधडत जायची. त्या वेळी टाइमकीपर फलाटाच्या टोकाला ताठ उभे. डाव्या हातात खिशातलं घड्याळ, उजव्या हाताचं बोट घड्याळावर. ड्रायव्हरला ते घड्याळ असं दाखवायचे, जणू पोराने दारू पिऊन घरी यावं आणि बापाने दारात उभं राहावं. जुने ड्रायव्हर बिचारे डोकं बाहेर काढून हात जोडत. एकदा एक नवा ड्रायव्हर ओरडला, "राइट टाइम है, बाबा!" टाइमकीपर त्या गाडीबरोबर फलाटाच्या शेवटापर्यंत धावले. "कुणाच्या टाइमने? नाव सांग! कुणाच्या?" मग धापा टाकत परत आले आणि त्यांनी रजिस्टरमध्ये रोजच्यासारखं लिहिलं: 'पुण्याकडे जाणारी. एक तास लेट. कारण दिले नाही. थांबली नाही.'

गावात त्यांच्या घड्याळाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. पलटणीतून सुटून आलेल्या एकाने एकदाच म्हटलं होतं, "टायमकीपर, तुमचं घड्याळ फुडं हाय." त्यावर टाइमकीपर उठले. खोलीत गेले आणि तीन दिवस बाहेर आले नाहीत. भोपळ्याची पानं पाटीवर आली तरी आले नाहीत. चौथ्या दिवशी गावातली चार माणसं जाऊन दारातून म्हणाली, "साहेब, गाड्या लई लेट जायला लागल्यात. कुणी बघाया न्हाई." तेव्हा कुठे दार उघडलं. त्या दिवसापासून गावाने दोन वेळा पाळायला सुरुवात केली: एक रेल्वेची, एक थांब्याची.

त्यात घोटाळा व्हायचाच. लोहाराच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मुहूर्त सांभाळायचं काम मानाने टाइमकीपरांना दिलं होतं. मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा. भटजींना त्या दिवशी दोन गावची लग्नं होती, ते सायकलवरून यायचे होते. मांडवात माणसं जमत होती, नवरदेव पारावर बसून दाढी करून घेत होता, इतक्यात टाइमकीपर उभे राहिले.

"अंतरपाट धरा."

"अवं, भटजी यायचं हायेत," लोहार म्हणाला.

"भटजी लेट. मुहूर्त लेट होत नाही. मास्तर, तुम्हाला मंगलाष्टकं येतात ना? सुरू करा."

"आन् नवरदेवाची दाढी?"

"अर्धी झाली आहे. उरलेली पुढच्या पाळीत."

त्या आवाजापुढे कुणाचं काही चालत नसे. नवरदेव एका गालावर साबण घेऊन अंतरपाटामागे उभा राहिला. मास्तरांनी गळा काढला, अक्षता पडल्या, बँडवाल्याने होता तो एक ढोल बडवला. पंगत बसली, बुंदी वाढून झाली आणि भटजी सायकलवरून घाम पुसत उतरले. म्हणाले, "वा वा, अजून पाच मिनिटं आहेत मुहूर्ताला! सावकाश होऊ द्या." मग काय, सगळी पंगत उष्ट्या हाताने उठली आणि लग्न पुन्हा लागलं. ती मुलगी अजून नवऱ्याला ऐकवते, "माझ्याशी दोनदा लगीन लावलंयस. येकदा सुटून जाशील, दुसऱ्यांदा न्हाई."

तळेगावच्या शाळेतून मी मॅट्रिक झालो आणि पुण्याच्या कॉलेजात नाव घातलं. आमचं घर एका खोलीचं, माणसं नऊ आणि कंदील एक. वाचायचं कुठे हा प्रश्न होता. वडील मला थांब्यावर घेऊन गेले.

"साहेब, पोरगं कालिजात जातंय. बसाया जागा न्हाई."

टाइमकीपरांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "नंबर?"

"माझाच द्या की."

"सातशे चौदा. पेटीखातं. चार वेळा लेट."

"पाच येळा, साहेब," वडील प्रामाणिकपणे म्हणाले.

"चार. पाचव्या वेळी ओढ्याला पूर होता. तो माफ." त्यांनी फळीवरून बिल्ला काढून माझ्या हातात ठेवला. तो आरशासारखा चकचकीत होता. "आलास की उचलायचा, गेलास की टांगायचा. पाच वाजता हजर."

परत येताना वडिलांनी बजावलं, "त्यांच्या घड्याळावर कदी बोलायचं न्हाई. काय झालं तरी."

थांब्याचे पाच म्हणजे जगाचे चार. अशा रीतीने मी कॉलेजची सगळी वर्षं जगाच्या एक तास आधी उठलो. टाइमकीपर शेजारच्या स्टुलावर बसून डोळ्याला भिंग लावत आणि घड्याळं उघडत. माझा विषय इतिहास होता आणि मी मोठ्याने वाचावं असा त्यांचा हुकूम होता. मधेच भिंग वर करून ते विचारत, "हा तह लेखी झाला का?"

"हो."

"सही, शिक्का?"

"तसं पुस्तकात दिलेलं नाही."

"मग धरू नकोस. पुढे वाच."

त्यांच्या मते हिंदुस्थानच्या इतिहासातले निम्मे तह झालेच नव्हते. परीक्षेत एकदा मी त्यांचं मत माझं म्हणून लिहिलं. प्राध्यापकांनी समासात लाल शाईने 'नवीन विचार' असं लिहून दोन गुण जास्त दिले. तो पेपर मी त्यांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "लेखी दिलंय. ठेवून दे."

सुरुवातीला एकदा मी घाईत बिल्ला खिशातच घेऊन कॉलेजला गेलो. संध्याकाळी घरी जेवत होतो, तर दारात टाइमकीपर, हातात कुलूप.

"बाई," ते माझ्या आईला म्हणाले, "तुमचा मुलगा शेडमध्ये आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात घास होता. "अवं साहेब, त्यो काय, जेवतोय की."

"जेवत असेल. रेकॉर्डप्रमाणे तो शेडमध्ये आहे. आणि माणूस आत असताना मला शेड बंद करता येत नाही. सकाळपासून मी दार उघडं ठेवून बसलो आहे."

"मग आता?"

"आता त्याने यावं आणि शेडमधून घरी जावं."

मी तसाच उष्ट्या हाताने उठलो, अर्धा मैल चालत थांब्यावर गेलो, बिल्ला टांगला आणि घरी येऊन पुन्हा जेवायला बसलो. आईने विचारलं, "आलास का रं?" म्हटलं, "आलो." ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिची भाकरी तव्यावर करपली.

शेवटच्या वर्षाला, दिवाळीनंतर, मला विषमज्वराने धरलं. तीन आठवडे मी घोंगडीवर पडून होतो. रोज पहाटे उंबऱ्यावर पट्ट्या गुंडाळलेले दोन पाय दिसायचे. ते कधी 'बरं वाटतं का' असं विचारत नसत. मला नीट पाहायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे.

"आत या, च्या घ्या," आई म्हणायची.

"ड्यूटीवर आहे," असं म्हणून ते वळत. जाताना उंबऱ्यावर एक कोवळा दुधी ठेवलेला असे.

मी बरा झालो आणि कॉलेजात गेलो तर फळ्यावर यादी लागलेली. ज्यांची हजेरी भरली नाही, त्यांची टर्म मंजूर होणार नाही. परीक्षेला बसता येणार नाही. यादीत माझं नाव होतं. मी प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटलो. ते म्हणाले, "डॉक्टरांचं सर्टिफिकेट आण." मला गावच्या वैद्याने काढे दिले होते, त्याला सही येत नव्हती. "मग दुसरा काही लेखी पुरावा?"

एक वर्ष गेलं असतं तर ते फक्त वर्ष गेलं नसतं. धाकट्या भावाची शाळा माझ्यासाठी थांबवलेली होती. वडिलांनी मला आणखी एक वर्ष कॉलेजात ठेवलं नसतं. ठेवणं त्यांना शक्यच नव्हतं. मी थांब्यावर येऊन बिल्ला उचलला आणि पुस्तक न उघडता बसून राहिलो. टाइमकीपरांनी सगळं ऐकून घेतलं. मग रजिस्टरं धुतलेल्या पिवळ्या फडक्यात बांधली. "लेखी मागतायत ना? उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही चिंचवडच्या स्टेशनवर चालत गेलो आणि गाडीत बसलो. बसल्या बसल्या त्यांनी आम्ही बसलेली गाडी एक तास लेट म्हणून लिहिली. पुण्यात उतरल्यावर मात्र मला त्यांचं चालणं निराळं वाटू लागलं. ते खाली मान घालून चालत होते. स्टेशनचं घड्याळ आलं तेव्हा त्यांना बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. चौकात घड्याळाचं दुकान लागलं, तेव्हा त्यांनी भर उन्हात छत्री त्या बाजूला कलती धरली. आणि एकदम माझ्या ध्यानात आलं: त्यांना ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक आहे.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी रजिस्टर उघडलं आणि थोड्याच वेळात त्यांचा चेहरा खुलला. ते मोठ्याने वाचू लागले. "'सातशे चौदा. गैरहजर. कारण ताप. समक्ष पाहिले.' उत्तम. 'सातशे चौदा. गैरहजर. ताप. समक्ष पाहिले. दाढी वाढली आहे.' छान! आणि हे काय? 'सातशे चौदा. हजर, पण झोपलेला. जागे केले. पुन्हा झोपला.' अरे, अशी नोंद तर आमच्याकडेही ठेवत नाहीत!" शिपाईसुद्धा हसला. मी मनातल्या मनात परीक्षेचा फॉर्म भरू लागलो.

मग त्यांनी आजारपणाच्या आधीची पानं चाळली आणि हसू हळूहळू मावळलं. त्यांनी कॉलेजचं हजेरीपत्रक मागवलं आणि दोन्ही शेजारी ठेवली.

"इथे लिहिलंय, सातशे चौदा शेडमधून बाहेर, सात पस्तीस. रोज जवळपास हीच वेळ. तुझ्या त्या शेडपासून स्टेशन किती?"

"चालत अर्धा तास, सर."

"म्हणजे आठ वाजून गेले. त्यानंतर गाडी, मग पुणं, मग कॉलेज. आणि सव्वाआठच्या तासाला तू रोज इथे 'प्रेझेंट सर' म्हणतोस? मारुतीरायाला तरी जमलं असतं का रे?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी हजेरीपत्रक मिटलं.

"तुझ्या नावाने दुसरा कुणीतरी ओ देतो आहे. वर्षभर! मग आजारपणाचं विसर. अशा मुलाला मला कॉलेजातून काढावंच लागेल."

एका वाक्याचं काम होतं. सर, यांचं घड्याळ तासभर पुढे आहे. बस्स. मी तोंड उघडलं, "सर…" म्हणालो आणि शेजारी पाहिलं. टाइमकीपर ताठ उभे होते, नजर फरशीवर. मला ते बंद दार आठवलं, पाटीवर चढलेली पानं आठवली. वडील म्हणाले होते, काय झालं तरी. मी तोंड मिटलं. भावाला काय सांगायचं, याचा विचार करू लागलो.

तेव्हा टाइमकीपरांनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर कॉलेजचं मोठं घड्याळ होतं. अकरा वाजून वीस मिनिटं. त्यांनी ते, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं, नीट पाहिलं. खिशातून आपलं काढलं. बारा वीस.

"साहेब, मुलाची नोंद बरोबर आहे. घड्याळ एक तास पुढे आहे."

"कधीपासून?"

"लढाईपासून. पुढे करा असं लेखी आलं होतं. मागे घ्या असं आलं नाही."

"आणि घड्याळ पुढे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी टाइमकीपर आहे, साहेब," ते म्हणाले. "मला वेळ कळते."

त्यांनी आपलं घड्याळ मुठीत धरलं. मग पुढे म्हणाले, "शेवटच्या दिवशी माणसं बिल्ले टांगून गेली. विचारत होती, परत कधी यायचं? मी म्हटलं, कळवतो. घड्याळ मागे घेतलं की लढाई संपली. लढाई संपली की थांबा संपला. मग कळवणार कोण?"

प्रिन्सिपॉलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कॉलेजचा छापील कागद ओढला आणि सावकाश लिहिलं: 'आजपासून थांब्याचे घड्याळ एक तास मागे घ्यावे.' खाली सही केली.

टाइमकीपरांनी कागद दोनदा वाचला. "शिक्का?"

शिपायाने शिक्का आणला.

"माफ करा, पण आपल्याला अधिकार आहे?"

"आमचा विद्यार्थी तुमच्याकडे हजेरी लावतो," साहेब म्हणाले, "तेव्हा तुमचं घड्याळ आमच्याही कामाचं आहे. आहे अधिकार."

टाइमकीपरांनी खाडकन सलाम ठोकला आणि घड्याळाची किल्ली हातात घेतली. साहेबांना वाटलं, काटा एक फेरा उलटा फिरवतील. पण ते म्हणाले, "काटे उलटे फिरवत नाहीत, साहेब. यंत्र बिघडतं." आणि त्यांनी घड्याळ अकरा तास पुढे फिरवायला घेतलं. एकेक फेरा, न घाई करता. प्रिन्सिपॉलसाहेब उभे राहिले, म्हणून मी सावधान उभा राहिलो, म्हणून शिपाईही हातात शिक्का घेऊन सावधान उभा राहिला. अकरावा फेरा झाला. दोन्ही घड्याळं एक बोलू लागली. "टर्म मंजूर," साहेब म्हणाले आणि लगबगीने दुसरीकडे पाहू लागले.

बाहेर आल्यावर टाइमकीपर पायरीवर थबकले.

"सातशे चौदा, आपल्याकडे एक तास आला आहे."

"कसला तास?"

"सरकारी. तेव्हा घेतला होता, आज परत दिला. कुठल्याच रजिस्टरात नाही. काय करतात अशा तासाचं?"

शेवटी आम्ही एका बागेत गेलो. आधी भेळ खाल्ली. मग त्यांना झोपाळा दिसला. मी काही म्हणायच्या आत फौजी पट्ट्या हवेत होत्या. दोन मुलं आ वासून बघत होती. माळी हातवारे करत धावत आला, "ओ आजोबा! उतरा, लहान मुलांचा आहे तो!"

"ड्यूटीवर नाही!" टाइमकीपर वरून ओरडले आणि आणखी जोराने झोका घेतला. छत्री मी धरली होती, टोपी माळ्याने. तास संपला त्या मिनिटाला ते उतरले, टोपी घेतली, माळ्याला सलाम केला आणि स्टेशनच्या वाटेला लागले. या वेळी दुकानातल्या प्रत्येक घड्याळासमोर थांबून, मान डोलावत.

दुसऱ्या दिवशी गावात गोंधळ उडाला. टाइमकीपर रोज पहाटे ज्यावर टोले देत, तो थांब्यावर टांगलेला रुळाचा तुकडा रोजच्या वेळेला वाजलाच नाही. वाजला तेव्हा धारेची वेळ टळून गाई हंबरून दमल्या होत्या. पण खरी मजा फलाटावर झाली. गाडी आली, ड्रायव्हरने सवयीने डोकं बाहेर काढून हात जोडले, आणि पाहतो तर टाइमकीपर घड्याळ न दाखवता सलाम ठोकून उभे. तो इतका गडबडला की माळ संपेपर्यंत भोंगा वाजवत गेला. रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं: 'पुण्याकडे जाणारी. राइट टाइम. थांबली नाही.'

त्या दिवशी बिल्ले घासताना ते मला सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "आता फळीवर एकच बिल्ला चालू आहे. तुझा. परीक्षा झाली की तो टांग. मग नियमाप्रमाणे मला थांबा बंद करता येईल."

मी परीक्षा दिली. त्यानंतर लगेच धुळ्याच्या बाजूला एका शाळेत मास्तरची जागा मिळाली. निघायच्या सकाळी मी थांब्यावर गेलो, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि घाईने गाडीकडे पळालो. निकाल लागला त्या दिवशी मी त्यांना पाठवलेलं पत्र असं होतं:

रा. रा. टाइमकीपर यांस, मुक्काम थांबा.

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

सातशे चौदा बी.ए. पास झाला. आपण लेखी मागाल म्हणून निकालाचा कागद सोबत जोडला आहे. सही आहे, शिक्का आहे. पाहून आईला दाखवावा. तिला वाचता येत नाही, पण शिक्का आवडेल. धाकट्याची शाळा जूनपासून सुरू होते आहे. त्याचं नाव मी घातलं.

इथे मी रोज साठ मुलांची हजेरी घेतो. जो उशिरा येतो त्याला आधी ओढ्याला पूर होता का, ते विचारतो. शाळेचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे. अजून कुणाला बोललो नाही.

एक गोष्ट कळवायची आहे. निघताना मी बिल्ला टांगला नाही. तो माझ्या खिशात आहे. घाईत राहिला असं लिहिणार होतो, पण खोटी नोंद करण्याची आपण सवय लावली नाही. मुद्दाम आणला आहे. परत पाठवणार नाही.

तेव्हा रेकॉर्डप्रमाणे मी शेडमध्ये आहे, आणि माणूस आत असताना शेड बंद करता येत नाही.

आपला,
सातशे चौदा
(हजर)